पाठमोरा देश

खारूला शाळेसाठी तयार करायला तिच्या आईला इतका कमी वेळ लागे, की तेवढ्यात सासूबाईंच्या चहाला धड उकळीही फुटत नसे. निम्मी तयारी आदल्या संध्याकाळीच झालेली असे. शर्ट स्वेटरच्या आत, बाहीत बाही सरकवून, दोन्ही मिळून एकच कपडा असल्यासारखे खुर्चीच्या पाठीवर टांगलेले. स्कर्ट जमिनीवर गोल चुणून ठेवलेला आणि त्याच्या मधोमध बूट, नाड्या सैल करून, जिभा बाहेर काढून. मोजे तर ती झोपेत असतानाच आईने चढवलेले असत. खारू डोळे चोळत येई, त्या गोलात पाय टाकी, आईकडे पाठ करी आणि दोन्ही हात मागे सोडून उभी राही. मग नुसती सळसळ. स्कर्ट वर, बाह्या आत, आणि आईचे हात मागून पुढे येऊन, न बघता, खालपासून गळ्यापर्यंत बटणं लावत जायचे.

"पोरीला तयार करतेस की गाडीचं चाक बदलतेस?" सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"चाक रडत नाही, आई."

"ही तरी कुठे रडते? तिला जाग येईपर्यंत ती शाळेत पोचलेली असते."

हे कसब समुद्रापलीकडचं होतं. लग्नाआधी, शिवणकामाचं शिक्षण संपल्या संपल्या, ती तिकडच्या एका फिरत्या नाटक मंडळीत कपडेपटावर नोकरीला लागली होती. दोन वर्षं. मंडळी किनाऱ्याकिनाऱ्याने गावं घेत जायची. एका नाट्यगृहात चार दिवस, की पेटारे भरायचे आणि पुढचं गाव. तिची जागा विंगेत, अंधारात. नट रंगमंचावरून शिपाई होऊन आत यायचा आणि बाहेरचं गाणं संपायच्या आत म्हातारा होऊन परत जायचा. तेवढ्यात त्याला अंगावरच्या कपड्यांतून सोलायचं आणि दुसऱ्या कपड्यांत भरायचं. बोलायचं नाही. दिवा लावायचा नाही. नट पाठ करून हात मागे टाकतो. त्याच्या डोक्यात पुढचं वाक्य असतं, बटणं नसतात. बटणं तुमची.

त्यामुळे "काय काय पाहिलंस गं तिकडे?" असं कुणी विचारलं की तिची पंचाईत व्हायची. पाहिल्या होत्या त्या पाठी. राणीचं काम करणाऱ्या बाईंच्या मानेवरचा तीळ, घामाने तापलेले खांदे, श्वासाबरोबर वरखाली होणारी पाठीची हाडं. इस्त्रीची वाफ आणि पावडरीचा वास. विंगेतून दिसणारी उजेडाची एक फट आणि त्या फटीत कुणाचा तरी अर्धा चेहरा. अख्खं नाटक तिने समोरून एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तो देशही नाही. मग ती पूल सांगायची, बर्फ सांगायची, म्हणजे चित्रांत असतं तेच. सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, "आमची सून दोन वर्षं परदेशात होती. अंधारात उभी." लोक हसायचे, तीही हसायची.

पण उभं राहणं काही सुटलं नव्हतं. ती जेवायची ती ओट्याशी टेकून. पाहुण्यांत बसली तरी खुर्चीच्या कडेवर. दुरुस्तीचे कपडे शिवायच्या दुकानात ती सकाळचे काही तास जायची, तिथे मशिनीवर बसावंच लागे, तर दर थोड्या वेळाने उठून दाराशी जाऊन यायची. कुणी आत येणार असेल आणि आपल्याला तयार राहायला हवं, असं तिला सारखं वाटे. कोण येणार, ते तिलाही माहीत नव्हतं. नवरा म्हणायचा, "तू बस चुकलेल्या माणसासारखी दिसतेस." तो गाड्यांच्या कार्यशाळेत इंजिनं दुरुस्त करायचा आणि माणसांबद्दल फार बोलायचा नाही, पण बोलला की नेमकं बोलायचा.

एका सोमवारी खारूच्या शाळेतल्या बाईंनी तिला थांबवून घेतलं. बाकीची मुलं गेली होती. बुटक्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि खारू कोपऱ्यात ठोकळे रचत होती.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, म्हणजे ती घाबरलीच. "परवा मुलं पाण्यात खेळली. भिजली. मी म्हटलं, आपापले कोरडे कपडे घाला. सगळ्यांनी काहीतरी उलटंसुलटं घातलं. ही मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात असे मागे."

बाईंनी हात मागे करून दाखवले.

"मला वाटलं, खेळतेय. बघते तर बाकीची मुलं डबे खायला बसली, तरी ही तशीच. कुडकुडत होती. हाक मारली तर म्हणते, 'मी तयार आहे.'" बाईंनी आवाज खाली आणला. "घरात कुणी फार रागावतं का तिला?"

"नाही हो."

"बटण धरायचं कसं तेही माहीत नाही तिला. या वर्गात एवढं येतं मुलांना. हुशार आहे, गोष्टी सांगते, माझी नक्कल करते मागे. पण कपड्यांचं नाव काढलं की पाठ फिरवते."

खारूच्या आईला कानशिलं तापल्यासारखी वाटली. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण लेकीला किती अलगद जपतो. थंडीत क्षणभरही उघडी राहू देत नाही. आणि पोर बिचारी भिंतीकडे तोंड करून नटासारखी उभी, मागून कुणी तरी येईल म्हणून. विंगेत कुणीच नाही.

"शिकवते," ती म्हणाली.

"शिकवू नका फार. नुसतं करू द्या. हात लावू नका मध्ये."

घरी पोचते न पोचते तोच टाचणीबाईंचा फोन आला. टाचणीबाई म्हणजे तिकडच्या कपडेपटाच्या प्रमुख. खरं नाव कागदोपत्रीच होतं. त्यांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या आणि त्या तशाच बोलायच्या, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य अर्धंच बाहेर पडायचं आणि उरलेलं अर्धं आपण ओळखायचं. सणावाराला नाही, वाढदिवसाला नाही, पण वर्षातून एखाददा त्या फोन करायच्या आणि नवीन नटांना शिव्या घालून ठेवून द्यायच्या.

"दौरा आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून. दोन महिने. माझा हात गेला."

"गेला म्हणजे?"

"आहे जागेवर. पण अंधारात चुकतो. परवा राणीला उलटा झगा घातला. तशीच गेली बाहेर, राजवाड्यात, शिवण दाखवत." टाचणीबाई हसल्या नाहीत. "एक पोरगी ठेवलीय. काम बरं आहे, पण विंगेत बोलते. तू ये."

"मी?"

"मग काय तुझी सासू? तिकीट मंडळी काढेल. गुरुवारी कळव. त्यानंतर मी त्या बोलणाऱ्या पोरीला शिकवायला घेणार, मग तू नाही आलीस तरी चालेल."

फोन ठेवला. ती घरभर हिंडली. धुतलेले कपडे दोरीवरून काढले आणि घडी न घालता परत दोरीवर टाकले. जायचं होतं तिला, यात तिला स्वतःला अजिबात शंका नव्हती. तीच तर भीती होती.

ती परतली होती तेही काही ठरवून नव्हे. दौरा मध्यावर असताना वडिलांना झटका आला म्हणून निरोप आला, ती महिनाभराच्या बोलीवर आली. अंगावरच्या कपड्यांनिशी, पेटारा तिकडेच. वडील बरे झाले, अगदी ठणठणीत, आजही खारूला खांद्यावर घेऊन जिना चढतात. पण महिन्याचे दोन झाले, मग नवरा भेटला, मग लग्न, मग खारू. कशाबद्दलही तिची तक्रार नव्हती. फक्त त्या दोन वर्षांतलं एक पात्र अजून रंगमंचावरून आत आलं नव्हतं, आणि ती त्याचे कपडे हातावर घेऊन उभी होती.

"जा की," नवरा संध्याकाळी म्हणाला. हात धुताना, मागे न बघता.

"असं कसं जा की?"

"दोन महिने तर आहेत. मी सकाळची पाळी बदलून घेतो. आई आहे."

तिला हे उत्तर नको होतं. त्याने अडवलं असतं तर भांडता आलं असतं, भांडून राहता तरी आलं असतं किंवा जाता तरी आलं असतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "माझं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण ती रोज सकाळी माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली तर मी काय करायचं, ते सांगून जा. माझी बोटं माझ्याच बटणांना पुरत नाहीत."

तेव्हा बटणं शिकवणं आलंच.

मंगळवारी शाळेतून आल्यावर तिने खारूला पलंगावर समोर बसवलं. समोर, तोंडाकडे तोंड करून. दोघींनाही ते चमत्कारिक वाटलं.

"हे बघ, या हातात बटण, या हातात काज."

"काज कुठंय?"

"ही फट."

"फटीत काय आहे?"

"काही नाही. बटण जायचंय तिच्यातून."

आणि तिथे ती स्वतःच अडखळली. तिला बटण लावता येत होतं ते मागून, चाचपून, दुसऱ्याच्या अंगावर. समोरून, डोळ्यांनी बघत, हळूहळू ते कसं करतात, हे सांगताना तिची बोटं गोंधळून गेली. खारूने मान वाकडी करून पाहिलं. "तुला पण येत नाही," ती समाधानाने म्हणाली.

शेवटी आई स्वतःच्या हातांवर बसली, अक्षरशः, तळवे मांड्यांखाली दाबून. खारूची जीभ बाहेर आली. बटण आडवं झालं, निसटलं, परत आडवं झालं, आणि मग एकदम पलीकडे. खारूने ते ओढून पाहिलं. राहिलं होतं.

"मी केलं."

"तूच केलंस."

"आता सगळी केली की काय होणार?"

"मग तू मोठी झालीस. मग आई थोडे दिवस कामाला गेली तरी चालेल."

"कुठे?"

"लांब. विमानाने."

दुसरं बटण खारूने बराच वेळ फिरवलं आणि सोडून दिलं.

बुधवारी सकाळी तर काहीच जमेना. पहिलंही नाही. बटण हातात घ्यायची, काजापर्यंत न्यायची आणि बोटं अशी ढिली सोडायची, जशी कुणी दोरीच कापली. "येतच नाही," म्हणायची. आई हातांवर बसून राहिली. घड्याळ पुढे चाललं होतं, दुकानाची वेळ होत होती, गुरुवार उद्यावर आला होता. आणि काल जे बटण गेलं होतं ते आज का जात नाही, ते तिला कळेना.

"काल आलं होतं ना गं? मुद्दाम करतेस का?"

"विसरले."

"एका रात्रीत?"

"हो."

तिचा तोल गेला. तिने खारूला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं आणि मागून सगळी बटणं लावून टाकली, नेहमीच्या वेगाने, नेहमीपेक्षा जोरात. खारूने हू की चू केलं नाही. शाळेच्या दारात हात सोडतानाही नाही.

दुकानात तिने एका पँटची उंची चुकीच्या पायावर कमी केली. मग उसवत बसली. उसवताना तिला एक दुपार आठवली. टाचणीबाईंनी एकदा तिला सुट्टी देऊन प्रेक्षकांत बसायला पाठवलं होतं, तिसऱ्या रांगेत. "बघून ये, आपण काय करतो ते," म्हणाल्या होत्या. आणि ती बसली होती, पण नट रंगमंच सोडून विंगेकडे वळला की हिचे पाय खुर्चीखाली उठायला लागायचे. समोर काय चाललंय, याचा एक शब्द कानात शिरला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थाने शेवटी विचारलं होतं, "मुली, तुला कुठे जायचंय का?" मध्यंतरातच ती परत आत गेली होती. टाचणीबाईंनी नुसतं बाजूला सरकून जागा करून दिली होती.



डोकं दुखतंय सांगून ती लवकर निघाली. खारूला आज शाळेतून सासूबाईच घेऊन येणार होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि ती बाहेरच्या खोलीतच थांबली, कारण आतून खारूचा आवाज येत होता, शाळेतल्या बाईंच्या आवाजात काढलेला.

"हलू नका. हललं की निसटतं."

दाराच्या फटीतून दिसत होतं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, अंगात त्यांचा जुना तपकिरी स्वेटर, ज्याची बटणं लहान आणि काज घट्ट होते, मोठ्या माणसालाही जड जाणारे. खारू त्यांच्यासमोर गुडघ्यांवर उभी राहून ती बटणं लावत होती. जीभ बाहेर नव्हती. बोटं न अडखळता चालली होती, खालून वर, एकेक करत गळ्यापर्यंत. शेवटचं लावून तिने कॉलर नीट केली आणि तळहाताने पोटावर थोपटलं.

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या. "आणि आईसमोर गं? आईसमोर का येत नाही?"

"येतं."

"मग?"

"तिला सांगू नको. आलं की ती जाणार आहे."

सासूबाईंनी नातीच्या डोक्यावरून दाराकडे पाहिलं. सून त्यांना दिसली. त्यांनी खारूला जवळ ओढून धरलं, असं की तिला मागे वळता येऊ नये.

खारूची आई पाय न वाजवता बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. राग आला, तो कुणाचा ते कळेना. चार वर्षांच्या पोरीने अख्ख्या घराचा भार एका बटणावर घेतला होता. काल दुपारपासून ती सावध होती, बोटं मुद्दाम ढिली सोडत होती, मार खावा तसा सकाळचा झटका सोसून गप्प राहिली होती. आपण जिला हात मागे टाकून उभं राहायला शिकवलं, ती एका दिवसात आपल्यापेक्षा पक्की होऊन बसली.

न जावं, असं तिने पायरीवर उभं राहून ठरवून पाहिलं. टाचणीबाईंना आत्ताच सांगून टाकावं. मनात वाक्य जुळवलं, "नाही जमत." त्यानंतर पुढची वर्षं डोळ्यांसमोर आली: ओट्याशी टेकून जेवण, खुर्चीची कड, दाराशी जाऊन येणं. आणि खारू मोठी होत जाणार, मनात हे धरून की आपण एक बटण लावलं नाही म्हणून आई राहिली. हे त्याहून वाईट होतं.

ती खाली गेली, पुन्हा वर आली, या वेळी चपला वाजवत.

खारू स्वयंपाकघरात दूध पीत होती. आईला बघून तिने ओठांवरची साय बाहीला पुसली. सासूबाई उठून आपल्या खोलीत गेल्या, स्वेटर तसाच घालून.

खारूची आई जमिनीवर बसली. नीट, मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून.

"खारू, ऐक. बटण तुला येतं की नाही, याच्याशी माझ्या जाण्याचा काही संबंध नाही. येत असलं तरी, नसलं तरी. ते मोठी माणसं ठरवतात. तू नाही ठरवायचं."

खारू पेल्याच्या तळाशी बघत होती. "आजीने सांगितलं?"

"आजीने काही सांगितलं नाही. मी दारात होते."

"चोरून ऐकत होतीस."

"हो."

"मग जाणार?"

तिला अजून घुटमळायचं होतं. बघू, ठरवू, बाबांशी बोलू, अशी शब्दांची सगळी मऊ कापडं हाताशी होती. तिने ती घेतली नाहीत.

"हो. जाणार. दोन महिने."

खारूने पेला खाली ठेवला. ती रडेल म्हणून आईने हात पुढे केले, पण ती रडली नाही. ती कपाळाला आठी घालून काहीतरी मनात जुळवत होती.

"आणि परत कशी येणार?"

"विमानाने."

"तसं नाही." तिला आईच्या मठ्ठपणाचा कंटाळा आला. "मागच्या वेळी आजोबा आजारी पडले म्हणून तू आलीस. आता कोण आजारी पडणार?"

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, आणि पहिल्यांदाच खारूच्या आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ही गोष्ट घरात कितीदा सांगितली गेली होती, जेवताना, पाहुण्यांसमोर, हसत हसत: आजोबा आजारी पडले म्हणून आई आली, म्हणून बाबा भेटले, म्हणून तू झालीस. पोरीने तिचा नियम करून टाकला होता. आई नेण्याआणण्याची वस्तू. कुणीतरी आडवं पडलं की येते.

आणि तो नियम खोटा नव्हता. आपण परत आलो असं ती इतकी वर्षं म्हणत होती, पण ती आली नव्हती, तिला बोलावून घेतलं होतं. जाणं तेवढं तिने स्वतः केलं होतं.

"कुणीच आजारी पडायचं नाही," ती म्हणाली. "आजोबा नाही, आजी नाही, बाबा नाही, तू नाही. कुणाला काही झालेलं नसताना मी येणार. आपली आपण."

"असं येतात?"

"मी अजून आले नाहीये कधी," तिने सांगितलं. "पण येतात."

खारूला ते पूर्ण पटलं असं दिसलं नाही. "बाबांना विचारते," ती म्हणाली आणि पेला मोरीत ठेवून आजीच्या खोलीकडे गेली, बहुतेक तिथेही विचारायला.

टाचणीबाईंनी फोन उचलायला वेळ लावला. मागे शिवणयंत्र चालू होतं.

"येते," ती म्हणाली.

"माहीत होतं." टाचण्या खाली ठेवल्याचा बारीक आवाज झाला. "तिकीट काढायला लावते. जाण्याचं आत्ता काढू, येण्याचं मागाहून बघू. दौरा लांबतो, तुला माहितीय. गावं मागून जोडली जातात."

"नाही. दोन्ही आत्ता."

"अगं, वाया जाईल. शेवटचा प्रयोग कुठे, तेच ठरलं नाही अजून."

"चालेल. तारीख पडू दे त्याच्यावर. मला ती इथे सांगायचीय."

पलीकडे शिवणयंत्र थांबलं. टाचणीबाई काहीतरी पुटपुटल्या, पुसट, अर्धंमुर्धं, आणि मग म्हणाल्या, "थांब मग. विचारून सांगते. फोन ठेवू नको."

ती थांबली. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येत होता, "नाही गं बाई, मी कशाला पडू आजारी," आणि खारूचा, बारीक पण ठाम, पुन्हा पुन्हा तेच विचारणारा. खारूच्या आईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला आणि पलीकडून तारीख यायची वाट बघत राहिली.